गच्चीवरची तूट

निवृत्तीनंतर कुणाला अध्यात्म सापडते, कुणाला मधुमेह सापडतो. कुलूपरावांना गच्ची सापडली.

'कुलूपराव' हे काही त्यांचे जन्मनाव नव्हे. ते त्यांना पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात, त्यांच्या पाठीमागे आणि अत्यंत आदरपूर्वक बहाल करण्यात आले होते. भांडारात सामान येते आणि ज्याला लागेल त्याला ते दिले जाते, अशी एक अडाणी समजूत समाजात रूढ आहे. कुलूपराव तेथे भांडारपाल होते आणि त्यांना ती समजूत कधीच मान्य नव्हती. भांडार हे देण्यासाठी नसून असण्यासाठी असते, हा त्यांचा सिद्धान्त. एखादा नळदुरुस्तीवाला तोटी मागायला आला, की ते चष्म्यावरून त्याच्याकडे असे पाहत, की आपण तोटी मागायला आलो आहोत की यांची मुलगी मागायला, याचा त्या बिचाऱ्यालाच संभ्रम पडे. "जुनी दुरुस्त होत नाही का?" या एका प्रश्नाच्या बळावर त्यांनी सारी कारकीर्द तडीस नेली. गावभर नळ गळत राहिले, परंतु भांडारातून एक वॉशर गळला नाही.

निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "यांच्या काळात भांडारात कधी तूट आली नाही." ही स्तुती होती की गाऱ्हाणे, हे साहेबांच्या मुद्रेवरून उमगत नव्हते. कुलूपरावांनी ती स्तुती म्हणून स्वीकारली, आणि अन्य सर्व वस्तूंप्रमाणे जपून ठेवली.

आता अशा पुरुषाला घरी बसवले तर काय होणार? घरात भांडार नव्हते. स्वयंपाकघर होते, पण तेथील डब्यांवर पत्नीची सत्ता होती, आणि तिचे धोरण भांडारशास्त्राच्या अगदी विपरीत होते. डबा भरला की ती तो रिकामा करी, रिकामा झाला की पुन्हा भरी. हा निरर्थक उद्योग कुलूपराव दारात उभे राहून खिन्नपणे पाहत असत. शेवटी एके सकाळी तिने त्यांना कोथिंबीर आणायला पिटाळले. भाजीवालीने त्यांना मलूल, पिवळट, जीवनाला विटलेली अशी एक जुडी दिली. ती पाहून पत्नी म्हणाली, "ही काय विकत आणलीत, की भेटायला गेला होतात दवाखान्यात?"

स्वाभिमान म्हणून काही चीज असते. कुलूपराव म्हणाले, "यापुढे या घरात विकतची कोथिंबीर येणार नाही. मी स्वतः पिकवीन. कोथिंबीरच काय, भेंडी, मेथी, मिरची, शेंगा, सगळं. गच्चीवर."

"पिकवाल हो," पत्नी कणीक मळता मळता म्हणाली, "पण मला द्याल का?"

हा प्रश्न त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. भांडारात असे प्रश्न विचारणाऱ्यांना ते उद्या यायला सांगत.

गच्ची मात्र सोसायटीची होती, आणि सोसायटी चिटणिसांची होती. चिटणीस गच्चीच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहत. देवाने त्यांना आवाज मोठा आणि उद्योग लहान दिला होता. त्यामुळे ते नियम पाळण्यापेक्षा नियम आठवण्यात अधिक रमत.

"गच्चीवर कोणत्याही वस्तूची साठवण करता येत नाही," ते म्हणाले.

"साठवण कुठे? लागवड आहे."

"कुंडीत माती असणार का?"

"असणारच."

"मग ती साठवलेली माती झाली."

"अहो, तिच्यात झाड असेल!"

"मग ते साठवलेलं झाड झालं." चिटणिसांनी डोळे मिटून घेतले. खोल विचार करीत असल्याचे दाखवण्याची ही त्यांची रीत होती. "असं करू. पीक निघतंय, खाल्लं जातंय, उपयोग होतोय, तोवर ती बाग. उपयोग झाला नाही, की अडगळ. आणि अडगळ झाली, की चोवीस तासांत खाली. कबूल?"

कुलूपरावांनी कबूल केले. पिकवलेले न खाण्याचा मूर्खपणा कोण करील, असे त्यांना त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटले. मनुष्य स्वतःला किती थोडे ओळखतो, याचे चिंतन शास्त्रकारांनी उगाच केलेले नाही.

शेजारचे मास्तर मार्गदर्शनाला आपण होऊन आले. त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती, आणि त्यांच्या घरी आजवर शिळ्या पावावरील बुरशीखेरीज काही उगवले नव्हते. त्यामुळे त्यांच्या मतांना अनुभवाचा विटाळ झालेला नव्हता. "कुंड्या समभुज त्रिकोणात मांडा, म्हणजे प्रत्येकीला सारखं ऊन," असे त्यांनी सोमवारी सांगितले. मंगळवारी वर्तुळात मांडायला सांगितले. रोपांशी दररोज बोलावे, असेही ते म्हणाले. कुलूपराव बोलायला बसले. पण मागायला न आलेल्या कुणाशी काय बोलावे, हे त्यांना सुचेना.

रोपवाटिकेवाल्याने त्यांना पाहताक्षणी ओळखले, म्हणजे व्यक्तिशः नव्हे, प्रकार म्हणून. त्याने इतर बियाण्यांबरोबर जांभळ्या शेंगांच्या घेवड्याचे, कुणीच न नेलेले एक पाकीट त्यांच्या गळ्यात मारले. "असला घेवडा सगळ्या गावात तुमच्याकडेच होईल, काका," तो म्हणाला. कुलूपराव विरघळले. दुसऱ्या कुणाकडेही नसलेली वस्तू आपल्या ताब्यात असणे, याहून भांडारपालाला अधिक काय हवे?

बी पेरले गेले, आणि अनर्थाला प्रारंभ झाला. कुलूपराव दररोज पहाटे गच्चीवर जात, प्रत्येक कुंडीतली माती काडीने हळुवार उकरत, बिया बाहेर काढून मोजत, आणि साठा बरोबर असल्याची खात्री पटली की पुन्हा पुरत. बी रुजवायला घातले आहे ते फुटावे म्हणून, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी येईना. फुटणे ही त्यांच्या मते मालाची हानी होती. घेवड्याच्या एका बीला कोंब आला, तेव्हा त्यांनी तो "खराब" म्हणून बाजूला काढला.

"अहो, ते बी आहे, बँकेतली ठेव नव्हे!" पत्नीने कपाळावर हात मारला. "रोज उठून पांघरूण काढलं तर मूल झोपेल का?"

"नजर ठेवावी लागते," ते म्हणाले.

पुढे त्यांना सर्दी झाली, गच्चीवरचे जाणे काही काळ बंद पडले, आणि परतून पाहतात तो काय! प्रत्येक कुंडीत हिरवे अंकुर उभे. हे पाहून मास्तर म्हणाले, "त्रिकोणाचा परिणाम." चिटणीस म्हणाले, "आमच्या इमारतीची हवाच तशी." कुलूपरावांनी नुसती मान लववली; यश नम्रतेने घ्यावे, असे त्यांचे संस्कार होते. पत्नीच्या नखांत माती होती; पण तिच्या नखांकडे पाहण्याची सवय त्यांना नव्हती.

बाग बहरली. कोथिंबीर दाट झाली, मेथी पसरली, भेंडीला पिवळी फुले आली, आणि घेवड्याचा वेल कठड्यावर चढून अशा जांभळ्या शेंगांनी लहडला की खालून जाणारे लोक मान वर करून पाहू लागले. कुलूपराव सकाळ-संध्याकाळ मोजणी करीत. वही त्यांना कधीच लागली नव्हती. सारा साठा मुखोद्गत असे. आणि तेव्हाच पहिली मागणी आली.

"चार काड्या कोथिंबीर आणा हो वरून."

कुलूपरावांनी चष्म्यावरून पाहिले. "कशाला?"

"तोंडाला लावायला, पावडर संपलीय म्हणून! कशाला म्हणजे? भाजीवर घालायला."

"काल बाजारातून आणली होती ना?"

"कालची कालच संपली."

"जुनी काही..." ते सवयीने बोलून गेले आणि थांबले. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "जरा मोठी होऊ दे. आताच तोडली तर तिचं नुकसान. आणि तोडली की तिथे खड्डा दिसतो."

"मग भेंडी द्या."

"भेंडी अजून वाढतेय."

"शेंगा?"

"शेंगा शोभून दिसतात," कुलूपराव म्हणाले. आणि यावर पत्नीने त्यांच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन करण्याचे सामर्थ्य भाषेत नाही. ती पिशवी घेऊन बाजारात निघून गेली. निदान त्यांना तसे वाटले.

यानंतर घरातले जेवण चमत्कारिक रीतीने सुधारले. कोथिंबीर ताजी, भेंडी कोवळी, हिरव्यागार शेंगांची भाजी तर जिभेवर विरघळणारी. "हल्ली बाजारात माल बरा येतो," ते ताट पुसून घेत म्हणाले. "भाजीवाली बदललीस वाटतं?"

"बदलली," पत्नी म्हणाली. "जवळच बसते."

"महाग देते का?"

"मेहनत पडते जरा. जिने फार."

परंतु इकडे सुधारणा होत असता तिकडे गच्चीवर घोर अनर्थ चालला होता. संध्याकाळच्या मोजणीत जांभळ्या शेंगा कमी भरल्या. कुलूपरावांनी पुन्हा मोजल्या. पुन्हा कमी. सारी हयात ज्या शब्दाला त्यांनी उंबरठ्याबाहेर उभे केले होते, तो शब्द आज निवृत्तीनंतर, उघड्या आकाशाखाली, त्यांच्यासमोर येऊन ठाकला: तूट!

"पाखरं असतील," पत्नी म्हणाली.

"पाखरं देठ ठेवून कापतात?"

"शिकलेली असतील."

मास्तरांनी खारीचा संशय व्यक्त केला आणि खारीच्या उडीची वक्ररेषा हवेत काढून दाखवली. कुलूपरावांनी मास्तरांवरच संशय घेतला. पण मास्तरांचे दात पाहता शेंगा चावण्याचा आरोप त्यांच्यावर टिकला नसता. त्यांनी पहारा बसवला, म्हणजे स्वतः बसले. सकाळी बसले, संध्याकाळी बसले. दुपारी जेवणानंतर तेवढी त्यांची झोप होई; आणि चोर, कोण जाणे कसा, नेमकी तीच वेळ साधी.

अखेर एके दिवशी जिना उतरताना त्यांना चिटणिसांचे दार उघडे दिसले. आत चिटणिसांच्या पत्नी वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसल्या होत्या. वर्तमानपत्रावर जांभळ्या शेंगा होत्या.

कुलूपराव दारातच खिळले. "वहिनी, या शेंगा कुठून आल्या?"

वहिनींचा हात थबकला. "आल्या आपल्या... कुठून तरी."

"साऱ्या गावात असल्या शेंगा फक्त माझ्याकडे आहेत."

आतून चिटणीस दाढीचा साबण गालावर घेऊन बाहेर आले. "म्हणजे? तुम्ही मला चोर म्हणता?"

"मी कुणाला काही म्हणत नाही. माल माझा आहे, एवढंच म्हणतो."

"माझ्या दारात उभं राहून? मी या सोसायटीचा चिटणीस आहे!"

"म्हणूनच तर गच्चीच्या दाराची किल्ली तुमच्याकडे असते," कुलूपराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी केलेला हा एकमेव विनोद. आणि तोही त्यांनी विनोद म्हणून केला नव्हता.

त्याच दिवशी गच्चीच्या दाराला नवे कुलूप लागले. पितळी, जड, शिक्षेसारखे. त्याची एकुलती एक किल्ली कुलूपरावांच्या बनियनच्या खिशात गेली. परिणामी साऱ्या इमारतीचे धुणे त्यांच्या दारात येऊन उभे राहू लागले. "कपडे वाळत घालायचेत, किल्ली द्या." "किती कपडे?" "बादलीभर." "ओले आहेत का खरंच? बघू." एक बाई संतापून म्हणाल्या, "हात घालून बघा, पिळून देऊ का तुमच्या डोक्यावर?" परंतु कुलूपरावांना खूप दिवसांनी पुन्हा माणसांत आल्यासारखे वाटत होते. लोक मागत होते. ते देत नव्हते. जगाची घडी नीट बसली होती.

आणि तूट थांबली! एक शेंग हलली नाही, एक पान हलले नाही. घरी मात्र जेवणाची रया गेली. कोथिंबीर पुन्हा दवाखान्यातली येऊ लागली. "ती जवळची भाजीवाली कुठे गेली?" त्यांनी विचारले.

"तिला कुणी तरी कोंडून घातलंय," पत्नी म्हणाली.

साठा पूर्ण होता, म्हणून कुलूपराव आनंदात होते. भेंड्या हातभर लांब झाल्या आणि त्यांवर ठोकले असता लाकडासारखा आवाज येऊ लागला. कोथिंबिरीला पांढरी फुले येऊन तिची पाने दोऱ्यासारखी विरळ झाली. मेथीला शेंगा धरल्या. घेवड्याच्या शेंगा फुगून, सुकून, वाजू लागल्या. आणि वेलाने नवे फूल धरणेच सोडून दिले, जणू त्याने राजीनामा दिला होता. "परिपक्वता आली," कुलूपराव म्हणत, आणि ती टिकावी म्हणून अधिकाधिक पाणी घालत. त्या पाण्याने खाली चिटणिसांच्या छतावर दोन खंड आणि एक बेट अशी सुबक आकृती उमटवली.

रविवारी सकाळी चिटणिसांनी सभा गच्चीवरच बोलावली. चोरीचा आळ आणि छताची ओल, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर होती. सभासद आले, मास्तर आले, चिटणिसांच्या पत्नी सर्वांच्या मागे तोंड लपवून उभ्या राहिल्या. कुलूपरावांनी कुलूप उघडले आणि संग्रहालय दाखवावे तशा अभिमानाने ते बाजूला झाले.

"मी एकच विचारतो," चिटणीस म्हणाले. "या बागेतलं किती खाल्लं तुम्ही?"

कुलूपरावांनी छाती पुढे काढली. निरोपसमारंभातील ते वाक्य त्यांच्या कानांत घुमले. "कुलूप लावल्यापासून," ते म्हणाले, "एक पान खाली गेलेलं नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही मी एक काडी तोडली नाही. जे गेलं ते चोरीला गेलं."

चिटणिसांनी डोळे मिटले आणि तृप्तीने उघडले. "म्हणजे उपयोग शून्य. म्हणजे साठवण. म्हणजे अडगळ. उद्या सकाळपर्यंत कुंड्या खाली!"

कुलूपरावांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर आकाशातील कोन मोजत होते. त्यांनी वेलाकडे पाहिले. वाळका का होईना, तो त्यांच्या हाताखाली वाढलेला होता. त्याचा प्रत्येक वळसा त्यांना पाठ होता. ते एका कुंडीच्या काठावर टेकले.

"थांबा हो, भावजी." पत्नी पदराला हात पुसत पुढे आली. "उपयोग झालाय. मी केलाय. हे दुपारी घोरायचे, मी वर यायचे. कोथिंबीर, भेंडी, शेंगा, सगळं आम्ही खाल्लंय. यांनीच दोनदा वाढून घेतलंय."

"शेंगा जांभळ्या नव्हत्या," कुलूपराव क्षीण स्वरात म्हणाले.

"शिजल्या की हिरव्या होतात त्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असतंत तर दिसलं असतं." मग चिटणिसांकडे वळून ती म्हणाली, "तोडत होते तोवर वेल धरत होता. कुलूप लागलं आणि बसला. आणि तुमच्याकडेही मीच दिल्या शेंगा. विचारा तुमच्या मंडळींना."

मागून बारीक आवाज आला, "तुम्हीच म्हणालात ना, अशी भाजी कितीतरी वर्षांत खाल्ली नाही."

सभेत हशा पिकला. चिटणिसांचे कान तांबडे झाले. परंतु नियम जाणणारा मनुष्य एवढ्याने हार मानत नाही. "हे बघा, यांनी आत्ताच सर्वांसमोर सांगितलं की यांनी काही दिलं नाही. धन्यानं दिलं तर तो उपयोग. न सांगता नेलं तर ती चोरी. चोरी म्हणजे उपयोग नव्हे." ते थोडे थांबले आणि त्यांनी जिव्हारी लागेल असा शब्द निवडला. "म्हणजे चोर वहिनीच म्हणायच्या!"

पत्नीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. तिने पदर उगीचच सारखा केला. आणि पदर सावरणाऱ्या त्या हाताकडे कुलूपरावांचे लक्ष प्रथमच गेले: नखांत काळी माती होती, जुनी, घासूनही न गेलेली. अंकुर कुणी आणले, हे त्यांना तेव्हा, इतक्या उशिरा, कळले.

ते उठून उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचे होते. तो एक शब्द होता. उभ्या आयुष्यात न वापरल्यामुळे तो गंजला होता.

"दि..." ते म्हणाले.

"काय?"

"दिली!" कुलूपराव ओरडले, इतक्या जोरात की कठड्यावरचे कबूतर उडाले. "मी दिली! कोथिंबीर दिली, भेंडी दिली, शेंगा दिल्या. तुमच्या घरच्याही मीच दिल्या. माझ्या घरात चोर नाही. माझ्याकडे कधी तूट आलेली नाही, चिटणीस, आणि आजही नाही. जे गेलं ते मी दिलं. लिहून घ्यायचं तर घ्या!"

चिटणिसांनी डोळे मिटले. या खेपेस ते बराच वेळ उघडले नाहीत. शेवटी छताची ओल कुलूपरावांनी स्वखर्चाने दुरुस्त करावी, आणि गच्ची सर्वांना खुली राहावी, एवढ्यावर बाग वाचली. मास्तर जाता जाता म्हणाले, "मी चौकोन सांगत होतो."

जिना उतरून उंबऱ्याशी आल्यावर पत्नी म्हणाली, "तुम्ही दिलंत म्हणे."

"हो," कुलूपराव भिंतीकडे पाहत म्हणाले. "पुढल्या वेळी नेशील तेव्हा मला सांगत जा."

"सांगून नेलं तर तुम्ही द्याल?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तू आपली दुपारीच जा."

वाळलेल्या शेंगांतले बी पुन्हा पेरले गेले. ते उकरून मोजण्याची कुलूपरावांना बंदी होती. वेल पुन्हा चढला. कुलूपराव आता दुपारी जेवल्यावर तत्परतेने आडवे होतात आणि नाटकी वाटावे इतक्या मोठ्याने घोरतात. संध्याकाळी मोजणी होते, साठा कमी भरतो, ते "पाखरं!" असे पुटपुटतात आणि समाधानाने खाली येतात.

एका संध्याकाळी मात्र साठा पूर्ण भरला. त्यांनी पुन्हा मोजला. एक शेंग कमी नाही, एक काडी कमी नाही. ज्या क्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो क्षण समोर उभा असता त्यांच्या काळजात धस्स झाले. ते भराभर जिना उतरले. पत्नी दिवा न लावता पलंगावर पडून होती.

"बरं नाही का वाटत?"

"अंग मोडून आलंय जरा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वर काही कमी नाही," ते म्हणाले.

मग ते पुन्हा वर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले तेव्हा त्यांच्या मुठीत कोथिंबिरीच्या तीन काड्या होत्या. इतक्या घट्ट धरलेल्या, की कुणी हिसकावून नेईल अशी त्यांना अजून भीती असावी.

"ही कुठे ठेवू?" त्यांनी सवयीने विचारले.

"ठेवू नका," पत्नी उशीवरून म्हणाली. "धुवा, आणि चिरा."